आधी लघवीची बाटली द्या, मग 'सुरक्षित' म्हणा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर किरणोत्सर्गाच्या अपघाताच्या मॉक ड्रिलची बातमी होती, फोटोसकट. पांढरे सूट घातलेली माणसं, स्ट्रेचरवर एक पोरगा, आणि एक जण त्याच्या अंगावरून किरणोत्सर्ग मोजायचा मीटर फिरवतोय. खाली लिहिलंय की यंत्राने आवाज केला नाही, त्यामुळे रुग्णाला सुरक्षित घोषित करून घरी पाठवण्यात आलं. बातमी वाचून चहा गार झाला माझा. मी २७ वर्षं एका अणुवीज केंद्राच्या बायोअ‍ॅसे लॅबमध्ये काढली, म्हणजे साध्या भाषेत कामगारांची लघवी तपासायचं काम केलं, घरच्यांनी यावरून आयुष्यभर चेष्टा केली तो भाग वेगळा, पण त्या कामामुळे एवढं नक्की सांगू शकतो की मीटर वाजला नाही एवढ्यावरून कुणालाही सुरक्षित म्हणता येत नाही, आणि ड्रिलमध्ये हे असं शिकवत असाल तर ड्रिल न केलेलं बरं.

आधी एक घोळ निस्तरतो, कारण तुमच्या बातमीत 'किरणोत्सर्ग झालेला रुग्ण' हे शब्द चार वेळा आलेत आणि चारही ठिकाणी वेगळा अर्थ आहे. उन्हात उभं राहिलं की कातडी भाजते, पण सावलीत आल्यावर ऊन काही आपल्यासोबत घरात येत नाही. एक्सरे काढलेला माणूस किंवा एखाद्या किरणोत्सर्गी वस्तूजवळ (सोर्स म्हणतात तिला) उभा राहिलेला माणूस तसा, त्याला इजा झालेली असेल, जीवावर बेतणारी पण असेल, पण त्याच्यापासून तुम्हाला काही लागत नाही. रंगपंचमीला अंगावर रंग पडतो ते वेगळं, तो कपड्याला लागतो, खुर्चीला लागतो, धुतला की बराचसा जातो. आणि तिसरा प्रकार म्हणजे रंगाचं पाणी नाकातोंडातून पोटात जाणं. हे बाहेरून धुता येत नाही. आतलं दूषण, इंटर्नल कंटॅमिनेशन म्हणतात ते हे. तिन्हीचे पेशंट वेगळे, तपासणी वेगळी, उपचार वेगळे, आणि एकाच माणसात तिन्ही पण असू शकतात. दिल्लीत २०१० साली मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघालं, दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या गॅमा यंत्रातलं, एक कामगार गेला त्यात, ते मुख्यतः पहिल्या प्रकारातलं, बाहेरून बसलेला मारा. पण तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक बातमीत सगळं एकाच पोत्यात भरतात.

आता मीटर का वाजत नाही ते सांगतो, आणि त्यासाठी परदेशात जायची गरज नाही, कारवारजवळ कैगा अणुवीज केंद्र आहे, गोव्यापासून हाकेच्या अंतरावर. नोव्हेंबर २००९. तिथे कामगारांची नेहमीची लघवी तपासणी चालू होती आणि अचानक काही जणांच्या सॅम्पलमध्ये ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, नेहमीपेक्षा बरंच जास्त दिसलं. मग अजून काही जणांच्या. शोधता शोधता पन्नासच्या वर माणसं निघाली आणि या सगळ्यांत एकच गोष्ट कॉमन होती, ती म्हणजे पिण्याच्या पाण्याचा कूलर. कुणीतरी त्यात अणुभट्टीतलं ट्रिटियमवालं जड पाणी टाकलं होतं. डॉ. काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, आतल्याच माणसाचं काम आहे असं त्यांनी उघड सांगितलं होतं. आता विचार करा, ट्रिटियमच्या पाण्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. त्यातून निघणारे किरण, बीटा कण म्हणतात त्यांना, इतके मरतुकडे की कातडी सुद्धा ओलांडत नाहीत, मग मीटरपर्यंत कुठून येणार. त्या कूलरचं पाणी पोटभर प्यायलेल्या माणसाच्या अंगावरून दिवसभर मीटर फिरवला असता तरी टिक पण वाजली नसती. सापडलं ते फक्त लघवीत, आणि ते पण रोजची शिस्त होती म्हणून, कुणी आजारी पडलं म्हणून नाही. एकदोघे सोडले तर सगळ्यांचा डोस वर्षाच्या ३० मिलीसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं माप) मर्यादेत राहिला, कारण वेळेत कळलं.

उपचार काय केला माहितीये? पाणी पाजलं आणि लघवी जास्त होण्याचं औषध दिलं. हसू नका, ट्रिटियमवर हाच उपचार आहे जगभर. ते शरीरात पाण्यासारखंच वागतं, पाण्यासारखंच बाहेर जातं, निम्मं जायला साधारण १० दिवस लागतात, भरपूर पाणी प्यायलं तर त्याहून बरंच लवकर. आमच्याकडे कुणाचं सॅम्पल जरा वर आलं की कँटीनमध्ये त्याच्यासमोर ताकाचे ग्लास ओळीने मांडायचे लोक.

लंडनचं उदाहरण तर याहून भारी आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये लिटविनेंको नावाचा माजी रशियन हेर तिथल्या हॉस्पिटलमध्ये उलट्या करत पडला होता, केस गळले, रक्तातल्या पेशी संपत चालल्या. डॉक्टरांना थॅलियमचं विष वाटलं. रेडिएशनची शंका पण आली, मीटर लावला, काही नाही. कारण त्याला चहातून दिलेलं पोलोनियम-२१० अल्फा कण सोडतं आणि अल्फा कण साध्या कागदाने अडतात, पोटातून बाहेर यायचा प्रश्नच नाही. शेवटी लघवीचं सॅम्पल अणुशस्त्रं बनवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या लॅबमध्ये गेलं आणि तिथे यंत्रावर गॅमा किरणांचा एक बारीकसा उंचवटा (पीक) दिसला, त्यावरून पकडलं. खात्री झाली तेव्हा त्याच्या हातात काही तास उरले होते. तीन आठवडे लंडनच्या चांगल्यातल्या चांगल्या हॉस्पिटलात राहून हे, आणि आपण दोन मिनिटात मीटर फिरवून घरी पाठवतो. नंतर ज्या हॉटेलात, बारमध्ये तो आणि त्याला विष दिल्याचा संशय असलेली माणसं बसली होती तिथल्या शेकडो लोकांच्या लघव्या तपासल्या त्यांनी.

मग करायचं काय, असं तुमचा वार्ताहर विचारेल. तर सांगतो, आणि यात काही रॉकेट सायन्स नाही.

पहिली गोष्ट, माणूस आधी जगवायचा. रक्त वाहतंय, श्वास घेता येत नाही, हाड मोडलंय, ते आधी. दूषण काढायचं काम थोडं थांबू शकतं, रक्त थांबत नाही. कपडे उतरवले की बाहेरचं बहुतेक दूषण तिथेच निघून जातं, मग कोमट पाणी आणि साबण, खसाखसा घासायचं नाही कारण कातडी सोलली की तेच आत जायला वाट मिळते. डॉक्टर-नर्सने गाऊन, मास्क, दोन दोन ग्लोव्ह्ज घालायचे, जसं इतर पेशंटला करतात तसंच जवळजवळ.

पण अंघोळ घालायच्या आधी नाकाचा स्वॅब. हे कुणालाच आठवत नाही, ड्रिलमध्ये तर नाहीच नाही. कापसाची ओली काडी, प्रत्येक नाकपुडीला वेगळी, पुडीवर डावी उजवी आणि वेळ लिहायची. पहिल्या तासाभरात घेतला तर उपयोग, नंतर शेंबडाबरोबर सगळं निघून जातं, आणि अंघोळ झाली की संपलंच. दोन्ही नाकपुड्यांत सारखं निघालं तर श्वासातून आत गेलंय असं धरायचं. एकाच नाकपुडीत निघालं तर बहुतेक वेळा त्याने घाण हाताचं बोट नाकात घातलेलं असतं. आमच्याकडे एकदा अशीच धावपळ झाली होती, सगळे साहेब लोक जमा झाले आणि शेवटी निघालं बोटच, तो बिचारा महिनाभर तोंड लपवून फिरत होता.

मग विचारपूस. कुठे होतास, किती वेळ, मास्क होता का, काही खाल्लं प्यायलं का, बिडी ओढली का, जखम आहे का, उलटी झाली तर किती वाजता झाली. कोणतं मूलद्रव्य आहे आणि ते विरघळणारं आहे की नाही यावर पुढचं सगळं ठरतं, विरघळणारं असेल तर रक्तात जाऊन लघवीतून निघतं, न विरघळणारं फुफ्फुसात बसून राहतं नाहीतर पोटातून शौचातून जातं, म्हणून कधी कधी शौचाचं सॅम्पल पण लागतं, नाक मुरडून चालत नाही. रक्ताचा साधा सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी, तो काही तासांनी परत, परत, त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती वेगाने पडतायत त्यावरून मोठा डोस आहे का ते कळतं. हे तालुक्याच्या लॅबमध्ये होतं हो.

आणि लघवी. एक सॅम्पल लगेच, आणि मग २४ तासांची पूर्ण, एका मोठ्या कॅनमध्ये, आणि पुढचे काही दिवस. इथे पण बारकावे आहेत. हात साबणाने धुऊन, स्वच्छ कपड्यात द्यायचं, नाहीतर हातावरचं दूषण बाटलीत पडतं आणि आकडा आभाळाला जातो. ट्रिटियमचं असेल तर ते अंगभर मिसळायला दोनेक तास लागतात, म्हणून आधी एकदा जाऊन यायचं आणि मग नंतरची लघवी घ्यायची, लगेचची घेतली तर मूत्राशयात आधीपासून साठलेली जुनी लघवी येते आणि आकडा फसवा निघतो. मग आम्ही त्यातली एक मिलीलिटर घेऊन कॉकटेलमध्ये (हो, त्या द्रावणाला कॉकटेलच म्हणतात, आणि नाही, ते पिता येत नाही) मिसळून अंधारात मोजायचो. आणि वेळ लिहा, वेळ लिहा, वेळ लिहा. वेळ न लिहिलेली बाटली म्हणजे मोरीत ओतायच्या लायकीची, कारण आज जेवढं निघालं त्यावरून त्या दिवशी आत किती गेलं होतं हे उलटं काढायचं असतं, आणि मधे किती तास गेले तेच माहिती नसेल तर काय डोंबल काढणार.

होल बॉडी काउंटर, म्हणजे अख्ख्या अंगातला किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम, पण त्यावर पण अंघोळ करून, दुसरे कपडे घालून बसवायचं, नाहीतर केसात अडकलेलं बाहेरचं कण आतलं म्हणून मोजलं जातं. आणि घाबरू नका, तुम्ही आम्ही कुणीही त्या यंत्रात बसलो तरी काहीतरी दिसतंच, कारण पोटॅशियम-४० प्रत्येकाच्या अंगात असतं, साधारण ४ हजार बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), केळी खा नाहीतर उपाशी रहा. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने आठवडाभर केळी बंद केली होती घरात.

यंत्र वाजलं म्हणजे सगळं कळलं असं पण नसतं, त्यासाठी गोइयानियाची गोष्ट सांगतो. ब्राझीलमधलं शहर, सप्टेंबर १९८७. एक कॅन्सरचं क्लिनिक दुसरीकडे हललं आणि जुन्या इमारतीत रेडिएशनचं मशीन तसंच पडून राहिलं. दोघांनी भंगार म्हणून त्याचा आतला भाग उचलला, फोडला आणि भंगारवाल्याला विकला, आत पावडर, रात्री निळी चमकते. सिझियम-१३७, शंभर ग्रॅमला थोडं कमी. भंगारवाल्याने कौतुकाने नातेवाईकांना चिमूटचिमूट वाटली, सणाचा गुलाल वाटावा तशी. त्याच्या सहा वर्षांच्या पुतणीने ती अंगाला लावली आणि त्याच हाताने जेवली. तिच्या पोटात साधारण १०० कोटी बेकरेल गेलं असा हिशोब नंतर निघाला. लोकांना उलट्या जुलाब झाले, डॉक्टरांना आधी खाण्यातलं काहीतरी वाटलं, काही जणांना तर उष्ण प्रदेशातल्या आजारांच्या दवाखान्यात भरती केलं. दोन आठवडे असेच गेले. भंगारवाल्याच्या बायकोला मात्र शंका आली, घरातले सगळे एकदम आजारी पडतायत ते या वस्तूमुळेच, आणि ती बाई ते एका पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या ऑफिसात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी एका फिजिक्सवाल्याने उसना मीटर आणला, लांबूनच काटा पार टोकाला गेला, त्याला वाटलं मीटर बिघडलाय, तो परत जाऊन दुसरा घेऊन आला, त्याचं पण तेच. त्या मुलीसकट चौघं गेली, ती शहाणी बाई पण त्यातच.

पुढची तपासणी बघण्यासारखी आहे. स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांवर लोकांच्या अंगावरून मीटर फिरवले, २४९ जणांवर दूषण सापडलं. पण अंगावर आहे की आत आहे हे मीटरवरून कळेना, कारण सिझियम घामातून परत कातडीवर येतं, धुतलं की थोड्या वेळाने परत मीटर वाजतो. काही पेशंट इतके 'गरम', म्हणजे इतके किरण सोडणारे, होते की नेहमीचा होल बॉडी काउंटर त्यांच्यापुढे आंधळाच होणार. म्हणून सुरुवातीला सगळा भरवसा लघवी आणि शौचाच्या सॅम्पलवर, ती रिओला पाठवायची, दिवसामागून दिवस. त्यावरून ठरवलं कुणाला औषध द्यायचं आणि चालू असलेलं लागू पडतंय का. ४६ जणांना प्रशियन ब्ल्यू दिलं, चित्रकार वापरतात तोच निळा रंग, गोळीच्या रूपात. सिझियम आतड्यात येतं आणि परत रक्तात शोषलं जातं, हा रंग त्याला आतड्यातच धरून ठेवतो आणि शौचातून बाहेर काढतो. सिझियम निम्मं व्हायला मोठ्या माणसात तीनेक महिने लागतात, या औषधाने महिन्यावर येतं. पण हे औषध सिझियम आणि थॅलियमसाठीच. आयोडीनच्या गोळीचा इथे काडीचा उपयोग नाही, ती फक्त थायरॉइड वाचवते आणि ते पण किरणोत्सर्गी आयोडीनपासून, आणि आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तर. प्लुटोनियम, अमेरिशियमला डीटीपीए नावाचं इंजेक्शन. १९७६ मध्ये अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात एका म्हाताऱ्या कामगाराच्या तोंडावर स्फोट होऊन अमेरिशियम उडालं, डीटीपीए पहिल्या काही तासांतच सुरू केलं आणि पुढे वर्षानुवर्षं देत राहिले, तो ११ वर्षं जगला आणि गेला तो हृदयविकाराने. त्याला जास्त त्रास ओळखीच्या लोकांचा झाला, जवळ यायला घाबरायचे. म्हणजे आधी कोणता चोर आहे ते ओळखा, मग त्याच्या मापाची बेडी आणा. आणि शंका पक्की असेल तर लॅबचा आकडा यायची वाट बघत औषध अडवून ठेवू नका, पहिल्या काही तासांत जे काम होतं ते नंतर होत नाही.

घाबरण्यावरून माझ्या वहिनीचं सांगतो, राहवत नाही म्हणून. तिला थायरॉइडचा कॅन्सर होता, मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन दिलं. म्हणजे बघा, हे पण आतलं दूषणच, फक्त मुद्दाम, मोजून मापून, औषध म्हणून दिलेलं. वेगळ्या वॉर्डात ठेवलं, रोज एक मीटरवरून मोजायचे, आकडा खाली आल्यावरच सोडलं. घरी येऊन बारा दिवसांनी ती बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं तर डिस्चार्ज पेपरवर 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' शब्द वाचला आणि सगळे मागे सरकले. अडीच तास व्हरांड्यात. एक डॉक्टर लांबून ओरडून विचारत होता, काय होतंय. मी म्हटलं अहो आयोडीन-१३१ आठ दिवसांनी आपोआप निम्मं होतं, आणि त्यातलं बहुतेक पहिल्या दोनतीन दिवसांतच लघवीतून गेलं, आता हिच्याजवळ उभं राहून प्लास्टर घालायला तुम्हाला काही होत नाही. ऐकतो कोण. शेवटी एक्सरेच्या टेक्निशियनने हात धरला तिचा, त्याला माहिती होतं. गोइयानियात त्या लहान मुलीला पुरताना शिशाचं अस्तर लावलेली शवपेटी केली होती आणि तरी लोकांनी स्मशानात गोंधळ घातला, दगड मारले. तिथे निदान लोक अडाणी भीतीपोटी वागले म्हणता येईल, इथे तर एमबीबीएस.

आपल्या राज्यात तारापूर आहे, मुंबईत ट्रॉम्बेला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहे, गावोगाव कॅन्सर हॉस्पिटलं झाली, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोटो काढायला रेडिओग्राफीवाले किरणोत्सर्गी इरिडियमचे डबे जीपमधून घेऊन फिरतात. काही झालं तर पेशंट पहिल्यांदा मोठ्या केंद्रात नाही, जवळच्या कॅज्युअल्टीत येणार, रात्री दोन वाजता, नाइट ड्यूटीवरच्या इंटर्नसमोर. त्याला मीटर वापरता आला नाही तरी चालेल. कापसाच्या काड्या, लेबल, घट्ट झाकणाच्या बाटल्या आणि घड्याळ त्याच्याकडे आहेच, फक्त कुणी सांगितलेलं नाही. एक पानाचा कागद भिंतीवर लावायला काय खर्च येतो? साप चावल्यावर काय करायचं ते लावतातच की.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती एवढीच की त्या फोटोखालची 'सुरक्षित घोषित' ही ओळ दुरुस्त करून छापावी, आणि पुढच्या ड्रिलला तुमचा वार्ताहर जाईल तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारावा, स्ट्रेचरवरच्या त्या पोराला घरी पाठवण्याआधी नाकाचा स्वॅब घेतला का आणि लघवीची बाटली दिली का. उत्तर काय येतं ते छापा. मी पेपर रोज घेतोच.

आपला,
एक निवृत्त लॅबवाला, बोईसर